कोंबडीच्या पाण्यातला भात

माझी नात चार वर्षांची होती तेव्हा ती तीन वस्तू खायची. एक लेबेन, म्हणजे इथे प्लास्टिकच्या छोट्या डब्यातून मिळतं ते पातळ दही. दुसरी चौकोनी खारी बिस्किटं, तीही एकाच पुड्यातली. पुडा बदलला, की हात लावायची नाही. आणि तिसरा भात.

भात पांढरा, सुटा आणि गार लागायचा. त्यावर आमटीचा एक थेंब दिसला तर ती रडायची नाही, ताटही ढकलायची नाही. खुर्चीवरून उतरायची, आतल्या खोलीत जायची आणि दाराच्या मागे भिंतीला पाठ लावून उभी राहायची. हाक मारली तरी येत नसे. मग मी ताट उचलून धुऊन ठेवायची. पाण्याचा आवाज थांबला की ती हळूच बाहेर यायची.

तेव्हा मी रामला गावात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होते. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी आणि जावई दोन गल्ल्या सोडून राहायचे. मुलगी पेताह तिक्वाच्या एका ऑफिसात कामाला होती, पहाटेची बस धरायची. जावई लांबच्या कामावर, घरी यायचा तो शुक्रवारी. नात सकाळी गानमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत जायची. एक वाजता मी तिला घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे असायची.

आम्ही दोघी दुपारभर एका घरात असायचो आणि आमचं बोलणं पाच-सहा वाक्यांचं. मी मराठीत विचारायची, ती हिब्रूत उत्तर द्यायची. तेही एकाच शब्दाचं. "बाय, पाणी देऊ?" "लो." "खिडकी लावू?" "केन." नाही आणि हो, एवढंच. माझं हिब्रू बाजारापुरतं. मुळातच मला चार माणसांत बोलायला जमत नाही, जीभ आतल्या आत वळते. तिचंही तसंच असावं असं मला वाटायचं, म्हणून मी तिला फार छेडत नसे.

तिला पुष्कळ गोष्टी सोसत नसत. फ्रॉकच्या मानेला आतून शिवलेली चिठ्ठी मला कापून टाकावी लागे. बसने ब्रेक मारला की दोन्ही हात कानांवर. गानमध्ये वाळूत पोरं खेळायची तेव्हा ती फरशीवर उभी. मी फोडणी टाकली की ती गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची, म्हणून मी तिच्या वेळेत फोडणी टाकणंच बंद केलं. आम्हाला या सगळ्याचं नाव माहीत नव्हतं. लोक म्हणायचे, लाडावली आहे.

शुक्रवारी रात्री मुलीकडे सगळे जेवायला बसायचो. नारळाच्या दुधातली कोंबडी असायची. मांस मांडलेल्या टेबलावर आम्हा ज्यूंमध्ये गाईम्हशीच्या दुधाचं काही येऊ शकत नाही, आणि नातीला तर भातावर लेबेन हवं. म्हणून तिला स्वयंपाकघरात वेगळं बसवायचं. तिचं निळं प्लास्टिकचं भांडं होतं, दूधदह्याच्या भांड्यांत ठेवलेलं. ती दुसऱ्या कशात खायची नाही. ती एकटी बसते हे मला बघवत नसे, म्हणून मी माझं ताट टेबलावरच ठेवून तिच्याजवळ जाऊन बसायची. बाहेर जावई आशीर्वाद म्हणायचा, हसणं चालायचं, आणि आत आम्ही दोघी मुक्या. अशा किती शुक्रवारी माझं जेवण गार झालं त्याचा पत्ता नाही.

त्या वर्षीच्या थंडीच्या आधी दवाखान्यात तिचं वजन केलं. नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि डॉक्टरीणबाई मुलीशी बराच वेळ बोलल्या. मी बाकावर नातीचा कोट धरून बसले होते. जिन्यात मुलगी म्हणाली, "आई, त्या म्हणतात पेसाहच्या सणानंतर परत वजन करायचं. वाढलं नाही तर हॉस्पिटलात ठेवायचं आणि नाकातून नळी घालायची."

"नळी कशाला?"

"त्यातून अन्न देतात."

जिच्या फ्रॉकमधली चिठ्ठीसुद्धा मी कापते, तिच्या नाकात नळी. मी कठडा धरून उभी राहिले. मुलगी खाली गेली होती.

खालच्या मजल्यावर आमच्यातलीच एक म्हातारी राहायची, अलिबागकडची, मुंबईत भायखळ्याला संसार केलेली. तिला जिन्यात सगळ्यांच्या घरचं कळायचं. दुसऱ्या दिवशी मी गानमधून नातीला घेऊन येत होते, तर ती दारात उभी.

"काय गो, तुझी नात वाऱ्यावर जगते काय? आमच्या चाळीतली मांजर पण हिच्यापेक्षा जास्त खायची."

मी हसल्यासारखं केलं.

"हसतेस काय? भात खाते ना? मग भात कोंबडीच्या पाण्यात शिजव. हळद नको, लसूण नको. गाळून घे. तिला काय, तिच्या बापाला पण कळायचं नाय. महिन्यात गाल वर येतात की नाय बघ."

मी ते रात्रभर मनात घोळवलं. सकाळी कोंबडीची हाडं आणि मान आणली. नुसत्या पाण्यात उकडली. पाणी फ्रिजमध्ये ठेवलं, वर चरबी गोठली ती चमच्याने काढून टाकली आणि पातळ फडक्यातून दोनदा गाळलं. पाण्यासारखंच दिसत होतं. त्यात भात केला आणि पंख्याखाली गार केला. एक प्रश्न लेबेनचा होता. मांस खाल्ल्यावर दुधाला काही तास थांबायला हवं. मी ठरवलं की दुपारी भात नुसता द्यायचा आणि लेबेन संध्याकाळी, तिची आई आल्यावर. चिमुरडी पोर, तिला देव काय म्हणणार, असंही मनात आलं. पण मला मात्र तो म्हणाला असता. मुलीला काही सांगितलं नाही. ती नको म्हणेल अशी भीती होती आणि नळीची भीती त्याहून मोठी.

भात त्याच निळ्या भांड्यात वाढला. दुसऱ्या कशात तिने खाल्लं नसतं. दुधाच्या भांड्यात कोंबडीच्या पाण्यातला भात, मी माझ्या हाताने. पहिल्या दिवशी तिने अर्धं भांडं संपवलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी तिने पहिला चमचा घेतला आणि थांबून माझ्याकडे बघितलं. ती कोणाच्या तोंडाकडे सहसा बघत नसे. मी नजर वळवली. तिने आणखी चार चमचे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी तिला भात देऊन मी गॅलरीत कपडे काढायला गेले. परत आले तर फ्रिज उघडा. या घरात तिने कधी स्वतः फ्रिज उघडला नव्हता. त्या दिवशी तिने लेबेनचा डबा काढला, झाकण फाडलं आणि सगळं भातावर ओतलं. भात तिला बरोबर लागत नव्हता आणि तिने तो आपल्या परीने बरोबर करून घेतला, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की कोंबडीच्या पाण्यातल्या भातावर दही आहे आणि चमचा तिच्या तोंडात आहे.

"अगो, नको! थुंक! थुंक ते!"

मी भांडं हिसकावलं. तिने तोंड मिटून घेतलं होतं. मी माझं बोट तिच्या तोंडात घातलं आणि घास बाहेर ओढला. जिला ओला हात गालाला लागला तरी सोसत नाही, तिच्या तोंडात मी बोट घातलं. ती ओकली. टेबलावर, फ्रॉकवर, माझ्या हातावर. तिने आवाज केला नाही. आवाज माझाच होता.

तिला पुसून काढलं आणि मग ते भांडं बघितलं. दूध आणि मांस एकत्र झालेलं प्लास्टिक धुऊन शुद्ध होत नाही. रब्बीला, आमच्या धर्मगुरूला, विचारायला जाण्याएवढं धाडस माझ्यात नव्हतं, आणि विचारायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. तीन दिवसांचं. मी भांडं वर्तमानपत्रात गुंडाळलं, खाली जाऊन रस्त्यावरच्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत टाकलं. वर बघितलं तर ती खिडकीत उभी होती.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा नात दाराच्या मागे होती.

"काय झालं हिला?"

"पोट बिघडलंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने भात सोडला. माझ्याकडे, आईकडे, कुठेच नाही. मुलीने नवं निळं भांडं आणलं, अगदी तसंच. तिने ते उलटं करून बघितलं आणि खाली ठेवलं. "माझं भांडं कुठे आहे?" ती हिब्रूत विचारायची, रोज, एकाच सुरात. मी म्हणायची, हरवलं. ती खिडकीकडे बघायची.

आता दोनच वस्तू राहिल्या होत्या, लेबेन आणि बिस्किटं.

त्याच आठवड्यात मुलीला ऑफिसात वरची जागा मिळाली होती. तासही वाढले होते, घरी यायला सात व्हायचे. ती किती वर्षं त्या जागेची वाट बघत होती. एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली, पर्स मांडीवरच.

"आई, मला कळलंय. मी उशिरा यायला लागले आणि हिने भात सोडला. त्याच आठवड्यात. लहान मुलं असं करतात, गानच्या बाई पण म्हणाल्या."

मी गॅसपाशी होते. सांगायची वेळ तीच होती. तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा घेतेस?"

"त्या जागेला नाही म्हणून सांगितलं मी ऑफिसात. अर्धा दिवस काम करीन. एक वाजता मीच तिला आणीन."

"बरं," मी म्हटलं.

अशा तऱ्हेने माझी मुलगी त्या जागेवरून उतरली आणि माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. ती थंडी फार लांबली. मी एकीपुरती डाळ टाकायची, एकीपुरता भात. एक वाजला की पाय आपोआप चपलेकडे जायचे. मग मी खिडकीत उभी राहून बघायची. गल्लीच्या तोंडाशी दोघी दिसायच्या, मुलगी पुढे आणि नात तीन पावलं मागे, भिंतीला हात लावत. मी खिडकी उघडली असती तर हाक पोचली असती.

दर मंगळवारी दवाखान्यात एक बाई नातीला तपासायची. तपासायची म्हणजे तिच्याबरोबर खेळायची. अशा मुलांसाठीच शिकलेली बाई होती ती, रशियातून येऊन चार-पाच वर्षं झालेली. एका मंगळवारी मुलीला जमलं नाही, म्हणून मी घेऊन गेले. खोलीत एका मोठ्या टबात सुके वाटाणे भरले होते. नातीने कोपरापर्यंत हात त्यात खुपसले आणि डोळे मिटले. तिचा चेहरा इतका शांत मी कधी बघितला नव्हता.

त्या बाईचं हिब्रू माझ्याएवढंच मोडकं होतं. म्हणूनच माझ्याने बोलवलं असेल. मी एकेक शब्द ठेवत गेले. कोंबडी. पाणी. भात. सांगितलं नाही. मग दही. मग माझं बोट मी माझ्याच तोंडाशी नेऊन दाखवलं. एवढं मी कोणाशीच बोलले नव्हते.

ती रागावली नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"तू घाबरली," ती म्हणाली.

"हो."

"सगळे घाबरले. सगळे बघतात तिचं तोंड. खाल्लं का, नाही का. ती म्हणजे नुसतं तोंड नाही." मग बोटं मोजत सांगितलं, "लपवायचं नाही. सगळं दाखव. भांडं दाखव, पाणी दाखव. तू स्वतः खा. तिच्याकडे बघू नको. हळू, हळू."

आम्ही निघताना ती म्हणाली, "या मुलीची माफी माग. आणि तिच्या आईला सांग."

"सांगते," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मी नातीला हिब्रूत म्हटलं, "स्लिखा." माफीचा तेवढा एक शब्द मला येत होता. नेमका बसने ब्रेक मारला. तिचे हात कानांवर होते. तिला ऐकू गेलं की नाही ते मला माहीत नाही. पुन्हा म्हणायला हवं होतं, पण बस भरलेली होती.

तिच्या आईला मी सांगितलं नाही.

मग पेसाह जवळ आला. सणाआधी गानला सुट्टी लागली आणि ऑफिसात मुलीचं काम वाढलं, म्हणून नात पुन्हा माझ्याकडे यायला लागली. पेसाहच्या आठवड्यात घरात गव्हाचं काही ठेवायचं नसतं. म्हणजे बिस्किटं गेली. उरलं नुसतं लेबेन, आणि सण झाला की वजन. मात्सा, गव्हाचीच पण सणाला चालणारी ती बिनखमिराची पोळी, तिने दोन बोटांत धरली आणि बशीत ठेवून बोटं पुसली. मुलगी म्हणाली, "आई, मी लपवून बिस्किटं ठेवते घरात. देव बघून घेईल." तिचे ओठ पांढरे पडले होते.

युरोपातून आलेले लोक पेसाहमध्ये भात खात नाहीत. आम्ही खातो, पण तांदूळ तीनदा निवडून. चुकून एखादा गव्हाचा दाणा राहिला तर चालत नाही. म्हणून मी दरवर्षी टेबलावर पांढरी चादर अंथरते, खिडकीतलं ऊन येईल अशी, आणि तांदळाचा ढीग घालून बसते. त्या दिवशीही बसले. नात दाराच्या मागे होती. मी तिला बोलावलं नाही. मी तिच्याकडे बघितलंही नाही, तांदळाकडेच बघत राहिले.

थोड्या वेळाने ती टेबलाशी आली. मग खुर्चीवर चढली. मग तिचे दोन्ही हात ढिगात गेले, मनगटापर्यंत. बराच वेळ नुसते तसेच ठेवले. माझी पहिली निवड झाली, दुसरी झाली. मी निवडलेल्या ढिगातून तिने एक दाणा उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"मा ज़े?" हे काय?

गहू होता. दोन वेळा माझ्या हाताखालून गेलेला.

"गहू," मी म्हटलं. "बरं झालं दिसला तुला."

तिने तो चादरीच्या कडेला ठेवला. त्यानंतर तिची वेगळीच निवड सुरू झाली. ती तुटके दाणे बाजूला काढत होती. कणी, आणि ज्याचं टोक उडालंय असा प्रत्येक दाणा. अख्खे एकीकडे, तुटके एकीकडे. मी हात आवरून बसले. कणी शिजली की मऊ होते आणि चिकटते, हे मी जन्मभर जाणते. पण एका घासात तिच्या जिभेला तीन तऱ्हेचा भात लागत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळे भात म्हणायचो. ती दाणा दाणा खात होती.

दोन तासांत तिचा अख्ख्यांचा ढीग एका मुठीएवढा झाला. मी मोडक्या हिब्रूत विचारलं, "कुठला शिजवू?" तिने बोटाने आपला ढीग माझ्याकडे सरकवला.

मी तिची खुर्ची ओट्याजवळ घेतली, पण गॅसपासून लांब. सणासाठी आणलेलं कोरं पातेलं उलटं करून दाखवलं. रिकामं. तिच्यासमोर नळाचं पाणी घेतलं. तांदूळ तिनेच टाकला. "पाणी," मी म्हटलं, "तांदूळ. दुसरं काही नाही." भात झाल्यावर ताटात पसरून गार केला. थोडा तिच्यापुढे ठेवला, थोडा माझ्या ताटात. आणि मी खिडकीकडे बघत जेवले. समोरच्या इमारतीत कोणीतरी सणासाठी गाद्या झोडपत होतं. मीठ नाही, आमटी नाही. तिच्या बाजूला काहीच आवाज नव्हता. मी जेवून उठले, ती तशीच बसलेली, भात तसाच.

असं पाच दिवस. रोज ती अख्खे दाणे निवडायची, रोज मी पातेलं उलटं करायची, रोज मी एकटी जेवायची. मुलगी म्हणाली, "आई, कशाला तिच्यापुढे ठेवतेस? नाही खात ती. फुकट जातो." मी म्हटलं, "फुकट नाही जात, मी खाते." तिसऱ्या दिवशी नातीने भाताला बोट लावलं. चौथ्या दिवशी एक शीत उचलून ओठांना लावलं आणि परत ठेवलं. हे मी खिडकीच्या काचेत बघितलं. सरळ बघू नको म्हणाली होती, काचेत बघू नको असं तर ती बाई म्हणाली नव्हती. पाचव्या दिवशी मी काचेतसुद्धा बघितलं नाही.

सहाव्या दिवशी मी गाद्यांकडे बघत होते आणि चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. मग परत आला. चावणं थांबवलं तर तिला कळेल म्हणून मी तोच घास चावत बसले.

आवाज थांबला. ती हिब्रूत म्हणाली, "सावता, यात काही घातलंस?"

सावता म्हणजे आजी. असं लांब वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती.

"नाही, बाय. काही नाही घातलं."

तिने उरलेला भात संपवला. परवा पेसाह होता.

नळी लागली नाही. सणानंतर वजन थोडंच वाढलं होतं, पण वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वाट बघायचं कबूल केलं. पुढे एकेक वस्तू येत गेली, आणि प्रत्येकीला महिने लागले. उकडलेला बटाटा, साल काढून, तिच्यासमोर. खोबऱ्याचा काप, पाठीची तपकिरी साल पूर्ण खरवडलेला. पांढरा मासा, नुसता वाफवलेला, काटे तिने स्वतः काढायचे. गाजर तिने वर्षभर नुसतं हातात धरलं आणि मग एक दिवस खाल्लं. केळं मात्र आजतागायत नाही. प्रत्येक वेळी मी रिकामं भांडं दाखवायची आणि प्रत्येक वेळी ती विचारायची, यात काही घातलंस? मी म्हणायची, नाही. मला वाटायचं, पोरगी विसरली नाही. जन्मभर मला हे विचारत राहील, आणि विचारायला हवंच.

ती आठ वर्षांची असताना ते पेताह तिक्वाला राहायला गेले. मुलीला तिकडूनच काम सोपं पडत होतं. तरी वरची जागा पुन्हा मिळाली नाही. तिच्यामागून लागलेल्या बायका तिच्या वर गेल्या. ती फोनवर हे हसून सांगायची. म्हणायची, "जाऊ दे आई, माझी मुलगी खायला लागली ना." मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहायची.

नात तेरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी एका दुपारी आल्या. मी भात आणि नारळाच्या रसातला मासा केला होता. रस वेगळा. नात आता माझ्यापेक्षा उंच. तिने पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "सावता, यात काही घातलंस?"

मुलगी एकदम चिडली. "किती वर्षं झाली, अजून तेच! आजीला कोण असं विचारतं? तिने काय विष घातलंय?"

"विचारू दे तिला," मी म्हटलं.

"का विचारू दे? तू पण ना, आई!"

मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच, हातात डाव घेऊन. मुलीकडे बघून मराठीत आणि मधेमधे नातीसाठी हिब्रूत. कोंबडीचं पाणी, तीन दिवस, लेबेन, बोट, निळं भांडं कुठे गेलं ते. एवढी वर्षं वाटत होतं याला तासभर लागेल. चहाचं पाणी उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपलं.

नात झाकण हातात धरून ऐकत होती. "मला नाही आठवत," ती म्हणाली.

"खिडकीत उभी होतीस तू."

"नाही आठवत, सावता. मी सगळ्यांनाच विचारते. आईला पण विचारते, शाळेत पण." तिने पातेल्याकडे बघितलं. "आज घातलंस काही?"

"नाही."

"मग ठीक आहे." ती बसली आणि वाढून घेऊन खायला लागली.

नऊ वर्षं जे मी एकटीने धरून ठेवलं होतं, ते तिच्याकडे नव्हतंच. ते फक्त माझ्याकडे होतं.

मुलीचं ताट अजून रिकामंच होतं. नंतर म्हणाली, "लामा लो अमार्त ली?" मला का नाही सांगितलंस? ती माझ्याशी हिब्रूत कधी बोलत नाही. ऑफिसातल्या बायकांशी बोलते त्या आवाजात बोलली.

"भीती वाटली," मी मराठीत म्हटलं.

"मी ती जागा सोडली." आता मराठीत. "तुझ्यासमोर बसून सांगितलं होतं मी तुला."

"हो."

"तू चहा विचारलास."

"हो," मी म्हटलं.

नातीने पुन्हा भात घेतला. काटे काढून ताटाच्या कडेला एका रांगेत लावले. मुलीने पाणी प्यायलं, घड्याळ बघितलं, बसची वेळ झाली म्हणाली. मी नेहमीसारखा उरलेला भात डब्यात भरला, नातीच्या संध्याकाळसाठी. मुलीने तो माझ्या हातातून घेतला. झाकण लावायच्या आधी ती थांबली, डबा नाकाशी नेला आणि वास घेतला.

मी नळाकडे वळले. मागे झाकण लागल्याचा आवाज आला आणि डबा तिच्या पिशवीत गेला.